कोतवाल बुकातली मुलगी

तुळशीबाई कागदोपत्री मेलेली होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता. वय चौसष्ट, गुडघे सोडले तर बाई ठणठणीत. पण गावच्या जुन्या कोतवाल बुकात स्वच्छ नोंद होती: दयारामची मुलगी, वय नऊ दिवस, ताप येऊन मयत.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. दयाराम मिठागरावर राबणारा आगरी. त्याच्या बायकोच्या, रंगूच्या, तीन मुली पाठोपाठ गेल्या. चौथी झाली तेव्हा त्यानं मरणालाच गंडवायचं ठरवलं. जन्म-मरण लिहायला कोतवाल दारात आला, त्याला सांगितलं, "हीपन गेली, लिवून घे." एकदा मेलेल्याकडे मरण कशाला पुन्हा फिरकतंय? पोर जगली. तिच्या पाठीवर दिनानाथ झाला, तोही जगला, आणि तो तिच्याच पायगुणानं जगला असं गावानं ठरवून टाकलं.

तुळशी लग्न होऊन तळा गावी गेली आणि दीड वर्षात विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. पुढे दिनानाथची बायको गेली, तेव्हा त्याची पोरंही हिनंच वाढवली. तिला दुसरं घर नव्हतं, आणि या पाठच्या भावाशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

दिनानाथची नात जागृती वाशीला नोकरी करायची. तिला वंशावळीचं खूळ लागलं. सुट्टी टाकून ती तहसील कचेरीत जाऊन बसली, धूळ खाल्ली आणि कोतवाल बुकातल्या त्या पानाचा फोटो काढून आणला. घरात नुसता हशा.

"बाय, तुजा दाखला आला बग!" दिनानाथ म्हणाला. "आता रेशनकार्डावरचा नाव काप."

"तुज्याआदी न्हाय जायची मी," तुळशी म्हणाली. तीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

एवढ्यावर थांबायचं ना? पण शहाण्या पोरींना थांबणं माहीत नसतं. आपले पूर्वज बिंब राजाबरोबर मुंगी पैठणाहून आले म्हणतात, ते खरं का बघू, म्हणून तिनं डीएनए तपासणीच्या दोन नळ्या मागवल्या. दोघा म्हाताऱ्यांनी त्यात थुंकून दिलं. दीड महिन्यानं एका रविवारी जागृती आली ती जेवलीच नाही.

"आजोबा, तुमचं आणि आत्याआजीचं जुळत नाय."

"म्हंजे?"

"सख्खी भावंडं नाय तुम्ही. लांबचंपण नातं नाय."

"मशीन चुकला आसंल," दिनानाथ म्हणाला. पुन्हा थुंकले, पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच आलं.

तुळशीला आधी उमगलं. बुक खोटं नव्हतंच. बापानं कोतवालाला खरं तेच सांगितलं होतं: चौथीही गेली होती. ती जगली हे खोटं त्यानं गावाला सांगितलं, नंतर, घरात दुसरं पोर आल्यावर. ते कुठून आलं? त्या काळी मिठागरावर बाहेरगावचे मजूर येत. त्यातल्या एखादीनं दिलं असेल, एखादी बाळंतपणात मेली असेल. ज्यांना माहीत होतं ती सगळी कधीच मातीआड झाली होती. आई या विषयावर कधी हसली नव्हती, हे तुळशीला आता आठवलं.

"रगताचा काय घेवून बसलीस?" दिनानाथ म्हणाला. "तूच माजी बाय." त्या एका दिवसात त्यानं हे तीनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला असता.

 जागृतीकडून बुकातल्या पानाचा तो फोटो त्यानं आपल्या मोबाईलवर घेतला होता. ओटीवर बसून बोटांनी तो मोठा करायचा, बघायचा, तुळशी आली की मोबाईल पालथा घालायचा. ती मनात म्हणायची, लपवतोस कशाला रे? आपण आता त्याची बहीण उरलो नाही, याची तिला भीती वाटत होती.

सर्वपित्रीला तुळशीनं पहाटे उठून स्वयंपाक केला. भात, वरण, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. पितरांची पानं दरसाल तीच वाढायची. बापाचं वाढलं, आईचं वाढलं. दिनानाथ आंघोळ करून ओल्या अंगानं चुलीपाशी आला. नेहमी तो लगेच पानं उचलून कावळ्यांसाठी गच्चीवर नेई. आज उभाच राहिला.

"अजून एक पान वाढ."

"कुणाचा?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "बहिनीचा."

तुळशीच्या हातात डाव होता. तो तिनं पातेल्यात ठेवला. "नऊ दिसाच्या पोराचा पान वाढत न्हाईत, दिना."

"न्हाय वाढत," तो म्हणाला. "पन आपुन जलमभर हासलो गं तिला. मेली ती, नि आपुन हासलो."

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तिला भांडताही येईना. त्या मेलेल्या पोरीसाठी तिचाही जीव तुटत होता. तिचीच जागा, तिचंच घर, तिचाच भाऊ घेऊन ती चौसष्ट वर्षं जगली होती. तरी एकदा तरी त्यानं वर बघावं, "बाय" म्हणावं, असं तिला फार वाटलं.

त्यानं वर बघितलं नाही. तुळशीनं केळीचं तिसरं पान पुसून घेतलं आणि दिनानाथच्या बहिणीला भात वाढला.