नऊ चेहऱ्यांमागची किनार

कलामहोत्सवाच्या फ्लेक्सचा हा नववा मसुदा होता, आणि आता मला त्यातलं काहीच आवडेनासं झालं होतं.

पहिल्या मसुद्यात फक्त तिया ओयांगची वीण होती. ती माझी मावशी. रंगवलेल्या तिकोग गवताची तिची जांभळी-पिवळी चटई समार बेटावरच्या आमच्या गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही, आणि तिचे डोळे तर दिवसेंदिवस चाललेले. ते पुरते जायच्या आत तिची वीण तिला चौकात टांगलेली दाखवायची, एवढ्यासाठीच मी हे काम घेतलं होतं.

"मॅडम, मेयरसाहेब कुठायत?" समितीचे प्रमुख बेन्होर यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सर, हा चटयांचा उत्सव आहे."

"मग मेयर काय चटईवर बसत नाहीत? घाला फोटो."

मेयर आले, मग उपमेयर रुसल्या. एकाला घेतलं की दुसऱ्याचं नाक वर. शेवटी नऊ जणांनी दात काढले आणि वीण चार बोटांच्या किनारीत जाऊन बसली. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

"किनार आहे ना? झालं तर मग," बेन्होर म्हणाले.

छापणाऱ्याने दोरीची भोकं पाडायला ती किनारही मागे दुमडली. दुमडायची जागा सोडायला मीच विसरले होते. थकव्यात झालेली चूक, पण माझीच.

उत्सवाच्या सकाळी तिया नवा ब्लाऊज घालून चौकात आली. बांबूंना बांधलेल्या फ्लेक्सला नाक लावून तिने नऊही चेहरे तपासले.

"इंदाय, पोरी, माझी कुठाय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून तिला मागच्या बाजूला नेलं. दुमडलेल्या पट्टीवर जांभळं-पिवळं होतं, मधेमधे भोकं. तिने बोट फिरवलं.

"एवढीच?"

"एवढीच."

तिने फ्लेक्सची कड चिमटीत धरून ताणून पाहिली. मग म्हणाली, "सण संपला की हे मला आणून दे. वादळात पडवीचं छप्पर गेलं ते गेलंच."

आठवड्याने मी शिडीवर चढून पडवीच्या वाशांवर ते फ्लेक्स पसरत होते आणि खालून ती ओरडत होती, "तोंडं वर कर त्यांची! भिजू देत मेल्यांना. किनार माझ्याकडे आण. अजून खाली, हात पुरला पाहिजे!"