एकेचाळीसचा शिक्का

देवीलाल रेडिओवाल्याने गिटार एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि निकाल देऊन टाकला. "अमेरिकेचा माल हाय, मिस्तरी. डोक्यावरची पट्टी पाहा, इंग्लिश नाव हाय."

दिग्रसमध्ये देवीलाल म्हणाला की संपलं. गावात रेडिओ उघडायची छाती असलेला तो एकटाच. उघडलेला प्रत्येक रेडिओ पुढे बोलायचाच असं नाही, पण ते विचारायला जाणार कोण?

डोमाजी मिस्तरीने वाद घातला नाही. हल्ली तो कुणाशीच घालत नसे. बावन्न वर्षांचा माणूस, जिनिंगमध्ये सुतारकाम करून करून गुडघे कामातून गेलेले. कापसाचा हंगाम आटोपून जिनिंग बंद झालं होतं, तरी त्याचा थकवा काही सुटीवर जायला तयार नव्हता. खरं तर तो जिनिंगचा थकवा नव्हताच. पासष्टच्या जूनमध्ये त्याचा एकुलता मुलगा भीमराज, जहाजावर खलाशी असताना, जहाजाच्या पोटात उंचावरून पडून मेला. सिंगापूरला त्याला माती दिली. "मी स्वतः खांदा दिला, बाबा," असं सांगायला रत्नागिरीकडचा एक खलाशी थेट दिग्रसपर्यंत आला होता. तेव्हापासून डोमाजी कामावर जायचा, जेवायचा, निजायचा, पण यातलं काही आपण करतोय असं त्याला वाटत नसे.

आणि आता, अडुसष्टच्या फेब्रुवारीत, मुंबईच्या जहाज कंपनीच्या कचेरीतून एक लांबट खोका एस.टी.च्या टपावरून आला. वर इंग्रजी कागद चिकटवलेला: मयत खलाशाचं सामान, खाली भीमराजचं नाव. आत ही लालभडक विजेवर वाजणारी गिटार. दुसरं काही नाही.

नलूबाई, डोमाजीची बायको, तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी मोठ्याने रडली. त्याआधी ती रडायचीच नाही, नुसती बसून राहायची. रडून झाल्यावर तिने गिटार पुसली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली उभी केली आणि चूल पेटवली. भीमराजने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, जहाजावर वाजवणारी पोरं आहेत, मी बी शिकून राह्यलो. तिला एवढा पुरावा पुष्कळ होता. ती पोटभर जेवू लागली, शेजारणीशी भांडूसुद्धा लागली. डोमाजीला त्या भांडणाचं इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

गिटारीच्या आत काहीतरी खुळखुळत होतं, म्हणून तर तो ती देवीलालकडे घेऊन गेला होता. पण देवीलालने स्क्रू-ड्रायव्हर उचलताच डोमाजीने ती ओढून घेतली. तो गिटार काखेत मारून घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ओसरीवर पोतं अंथरून बसला. तारा ढिल्या केल्या, तारांखालचं लोहचुंबकाचं डबडं स्क्रू काढून वर उचललं आणि त्या खाचेतून आत पाहिलं.

गिटार अर्धीच पोकळ होती. दोन्ही अंगांना पोकळी आणि मधोमध उभा लाकडाचा ठोकळा. पोकळीत एक सुटा स्क्रू लोळत होता, तो त्याने हलवून बाहेर काढला. काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण सुताराला दुसऱ्या सुताराचं काम दिसलं की नजर हटत नाही. ठोकळ्यावर पेन्सिलीने काढलेली एक खूण होती, पाच रेघांची. ती पाहून डोमाजी बावीस वर्षं मागे गेला.

लढाई संपल्यावर आपल्या फौजेची एक तुकडी जपानात ठेवली होती. तिच्यात डोमाजी सुतार म्हणून होता, ओकायामाच्या छावणीत. तिथले म्हातारे सुतार फळ्या मोजताना हीच खूण काढायचे, एका फळीला एक रेघ, पाच झाल्या की खूण पुरी. त्यांनी डोमाजीची जात विचारली नव्हती, हातातली करवत तेवढी पाहिली होती. म्हणजे पट्टीवर नाव कुणाचंही ठोकलेलं असो, गिटार जपानची होती. डोमाजीला बरं वाटलं. देवीलालला सांगावं असंही वाटलं.

मग त्याला खाचेच्या तळाशी निळ्या शाईचा शिक्का दिसला. ४१, टिंब, ९, टिंब, १२.

छावणीत येणाऱ्या लाकडांवरही असाच शिक्का असे. शेहेचाळीस साल चालू असताना त्यावर २१ उमटलेलं पाहून त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं होतं. म्हाताऱ्याने खाणाखुणा करून समजावलं, आमच्या राजाचं एकविसावं वर्ष. डोमाजीने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एकवीस म्हणजे शेहेचाळीस, तर एकेचाळीस म्हणजे सहासष्ट. भीमराजला जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर ही गिटार जन्माला आली होती.

क्षणभर त्याच्या छातीत नको ते उसळलं. मग तो रत्नागिरीचा खलाशी आठवला आणि ते जागच्या जागी विझलं. पोरगा जिता नव्हताच. कचेरीत कुणीतरी चुकीच्या खोक्यावर चुकीचं नाव चिकटवलं होतं, एवढंच.

तेवढ्यात देवीलाल दारात हजर. कालपासून त्याला चैन नव्हती. त्याने वाकून शिक्का वाचला आणि आतल्या नलूबाईला ऐकू जाईल असं ओरडला, "एकेचाळीस सालची हाय, वहिनी! लढाईच्या टायमाची!"

"जुनीच घेतली असन त्यानं," नलूबाई आतून म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "नवी घ्याले पैसे कुठं होते त्याच्यापाशी?"

डोमाजीने डबडं जागेवर बसवलं आणि स्क्रू आवळले. त्याला खोटं बोलावंही लागलं नाही. ते देवीलालने आयतं करून दिलं होतं.

गप्प बसणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. पण गिटारीच्या मानेवर मागल्या बाजूला एक जागा झिजलेली होती, वाजवणाऱ्याच्या अंगठ्याने. नलूबाई रोज पुसताना तिथे आपला अंगठा टेकवायची आणि डोळे मिटायची. कुणा परक्या पोराचा अंगठा तो! दीड महिना डोमाजीने ते पाहिलं. सांगावं तर ही पुन्हा बसून राहील, नाहीतर पोरगा जिता आहे म्हणून मुंबईला निघेल आणि त्याला दुसऱ्यांदा पुरावं लागेल. न सांगावं तर रोज सकाळी हे पाहावं लागेल. शेवटी एका सकाळी त्याला ते सोसवेना.

"नलू, ते आपल्या भीमराजची नाई," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. राजाची वर्षं, एकवीस, एकेचाळीस, सगळं.

नलूबाईचा अंगठा तिथेच राहिला. तिने विचारलं, "तुमाले कधीपासून ठाव हाय?"

"देवीलाल आलता त्या दिशीपासून."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुले सोसणार नाई म्हून."

"सोसत तुमाले नाई," ती चिडून म्हणाली, "आन् नाव माह्यं घेता!"

बाईचं खरं होतं. आता ती रडेल, किंवा भीमराज जिता आहे का म्हणून विचारेल, याची तो वाट बघू लागला. तिने तसलं काही केलं नाही. गिटार हळूच मांडीवर आडवी घेतली.

"हे दुसऱ्याच्या पोराची हाय, तं मंग आपल्या भीमराजचं सामान कोणाच्या घरी गेलं?"

दीड महिना डोमाजी साल मोजत बसला होता. ही गोष्ट एकदाही त्याच्या डोक्यात आली नव्हती.

त्याच दुपारी गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळून परत खोक्यात गेली. डोमाजीने कचेरीसाठी एक कागद लिहिला. नलूबाई म्हणाली, आणखी एक ल्याहा, ज्या घरी आपलं सामान गेलं त्या घरच्या बाईले.

"त्यायले मराठी कुठून येईन?"

"वाचून घेईन कोणाकडून. तुमी ल्याहा."

त्याने लिहिलं: तुमच्या मुलाची वस्तू आमच्याकडे सुखरूप होती, रोज पुसली आहे, परत पाठवत आहोत. आमच्या मुलाचं जे असेल ते तुम्हीही पाठवावं. खाली सही केली आणि कागदाची घडी घालू लागला.

"थांबा," नलूबाई म्हणाली. "अजून एक ल्याहा. त्याचे कपडे असले, तं म्हणा, धुवू नका."

डोमाजीने घडी उलगडली आणि ते मोठ्या अक्षरांत लिहिलं.