सातव्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा

हे मी सांगतोय ना, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. माझ्यावर बसलेला विश्वास आजवर कुणाच्या उपयोगी पडलेला नाही. पण झालं ते असंच झालं, आणि ज्या टेबलावर झालं ते टेबल अजून जागच्या जागी आहे. हवं तर हात लावून बघा.

आमच्या घरात नवं पुस्तक आलं की वाचायच्या आधी ते माझ्या टेबलावर येतं. मी जन्मभर बाइंडर. हल्लीची पुस्तकं नुसती गोंदाने चिकटवतात, आणि आमच्या घरातली माणसं वाचतात ती उताणी पडून, पुस्तक मागे मोडून, एका हातात कप धरून. चार प्रकरणं होत नाहीत तोच पानं गळायला लागतात. म्हणून मी कणा उसवतो, फर्मे सुटे करतो, दोऱ्याने शिवतो आणि वर जाड पुठ्ठा चढवतो. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा. असे जुडगे एकावर एक शिवले की पुस्तक उभं राहतं. मग त्यावरून रोड रोलर जाऊ दे.

दुकान बंद केल्यापासून मला गिऱ्हाईक उरलंय एकच, माझी नात. घरात तिला कात्री म्हणतात, कारण कुणाचंही बोलणं ती मधेच कापते. ही कात्री अकरा वर्षांची असल्यापासून एका मालिकेच्या मागे लागलीय. गावोगाव दिवे लावत फिरणारी एक पोर आणि ढगांत राहणारा एक राजपुत्र, त्यांचं प्रेम. राजपुत्राला शाप आहे, जमिनीला पाय लागला की दगड होशील. त्यामुळे सहा पुस्तकं झाली, ती पोर आपली शिड्या चढतेय. मधे एक सेनापती आहे, तोही तिच्यावर भाळलेला. चांगल्या घरचा, दात पांढरेशुभ्र, बोलताना मान तिरकी. शिवाय एक ड्रॅगन आहे. तो कुणावरच भाळलेला नाही, म्हणून मला तोच बरा वाटतो.

सातवं, म्हणजे शेवटचं पुस्तक शुक्रवारी आलं. तोवर कात्रीची अवस्था बघवत नव्हती. वर्गातल्या सगळ्या पोरींनी वाचून टाकलेलं. ही शाळेत कानात कापूस घालून बसायची. जिवलग मैत्रीण घरी आली तर तिच्याशी पाठमोरी बोलायची. म्हणे, "तिचं तोंड बघितलं तरी शेवट कळतो, आजोबा. तिला काही लपवता येत नाही."

पुस्तक माझ्या हातात देताना तिने ते सोडलंच नाही. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.

"शिवा. पण वाचायचं नाही. घरात शेवट सगळ्यांत आधी मी वाचणार."

"मी कशाला वाचतोय पोरींची पुस्तकं?"

"मागच्या वेळी राजपुत्राच्या आईचं गुपित तुम्ही आधीच बोलून गेलात."

"ते मी अंदाजाने बोललो."

"या वेळी अंदाजाने काही बोललात, तर यापुढे माझी सगळी पुस्तकं कोपऱ्यावरच्या पिनवाल्याकडे जातील."

माझ्या काळजात दाभण गेलं. हा पिनवाला पुस्तकाच्या पोटात आरपार पिना ठोकतो आणि त्याला बाइंडिंग म्हणतो. शेवटचं गिऱ्हाईक जावं आणि ते त्याच्याकडे जावं, यापेक्षा मी टेबल विकून त्या जागी कुंड्या ठेवीन. मी म्हणालो, "डोळे मिटून शिवीन, बाई. सोड आता."

आधीची सहा पुस्तकं मी एकेका दुपारी हातावेगळी केली होती. हे सातवं शनिवारीही झालं नाही. रविवारी सकाळी कात्री माझ्या खोलीच्या दारात हात पुढे करून उभी राहिली. तिच्यामागे आमची ही, चहाचा कप घेऊन. पुस्तक टेबलावर होतं, शिवलेलं, पुठ्ठा चढवलेलं, पण मी त्यावर कोपर ठेवून बसलेलो.

"उशीर का झाला?" कात्रीने विचारलं.

"बसा दोघी," मी म्हणालो. "उभ्याने ऐकण्यासारखं नाही हे."

"आजोबा, नुसतं पुस्तक द्या."

"देतो. पण कसल्या संकटातून ते वाचलंय, ते आधी ऐक. शुक्रवारी दुपारी मी कणा उसवायला घेतला. गोंदाचा पहिला पापुद्रा निघाला आणि आतून फुर्र असा आवाज. बघतो तर ड्रॅगन. बोटाएवढा. खळीच्या भांड्यात पडला, पोटभर खळ प्यायला आणि मांजराएवढा झाला."

"खळीने?" आमची ही म्हणाली.

"मैद्याची होती. पौष्टिक असते. त्याच्यामागून सेनापती घरंगळला. उठला, आधी केस नीट केले, मग मला विचारतो, आरसा कुठाय? मग ती दिवेवाली. ती बिचारी एकटीच शहाणी. आल्या आल्या म्हणाली, आजोबा, तुम्हाला दिसत नसेल, सुईत दोरा मी ओवून देते."

"आणि राजपुत्र?" कात्री दाराला टेकली होती, ती आता स्टुलाच्या कडेवर बसली.

"तो वर. पंख्याला धरून लोंबकळत होता. मी म्हटलं, बाबा रे, पंखा लावायचाय मला, कागद वाळवायचेत. तर म्हणाला, लावू नका, माझी प्रतिष्ठा जाईल."

कात्रीला हसू आलं. तिने ते गिळलं. "मग?"

"मग काय, भांडण. सगळ्यांचा डोळा शेवटच्या फर्म्यावर. सेनापती म्हणाला, यात माझं लग्न लागत नसेल तर हा फर्मा शिवायचा नाही. दुसरा लिहून घ्या, मी सांगतो. आणि सांगायला लागला की! घोड्यावरून येतो काय, फुलं काय उधळतात. दिवेवाली म्हणाली, माझ्या आयुष्यातला शेवट तू कोण सांगणार? तो म्हणाला, मी पहिल्या पुस्तकापासून वाट बघतोय. ती म्हणाली, वाट बघ म्हणून तुला कुणी सांगितलं होतं?"

"बरोबर आहे तिचं," कात्री म्हणाली.

"मग मला म्हणाले, तुम्हीच वाचून सांगा आत काय आहे ते. मी म्हटलं, मुळीच नाही! मी माझ्या नातीला शब्द दिलाय. तुम्ही तलवार काढा, आग ओका, माझी नजर त्या फर्म्यावर पडणार नाही."

हे म्हणताना मी छातीवर हात ठेवला. आमची ही खिडकीबाहेर बघायला लागली.

"तेवढ्यात ड्रॅगन उठला आणि त्या फर्म्यावर जाऊन बसला. कोंबडी अंड्यावर बसते तसा. शनिवार सकाळपासून बसला तो हलेचना. मी हुसकावलं, बिस्किट दाखवलं, शिंका काढायला लावलं. ढिम्म. म्हणाला, शेवट झाला की पुस्तक मिटतं, मग मी जाऊ कुठे?"

 कात्रीने स्टूल पुढे सरकवून हनुवटी टेबलावर ठेवली.

"त्याला मी काय सांगणार? दिवेवालीने सांगितलं. म्हणाली, आमच्या वाचणाऱ्या पोरी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात, तू काळजी करू नकोस. तेव्हा उठला बेटा. मी लगेच डोळे मिटून फर्मा उचलला, डोळे मिटून शिवला—"

"सुईने? डोळे मिटून?"

"हात शिवतात, डोळे कुठे शिवतात? बरं, शिवून झालं, आता शिकंज्यात आवळायचं. शिकंज्याचा दांडा अडकलेला. सेनापतीला म्हटलं, जरा जोर लाव. दंड फुगवून आला, पण त्याची सगळी ताकद वर्णनात! दांडा केसभर हलला नाही. ड्रॅगनच्या पंजात तो मावेना. माझी तर कंबर अशी. तेव्हा राजपुत्र म्हणाला, सरका, आजोबा. आणि असा अलगद खाली आला, फरशीवर अनवाणी पाय रोवून उभा राहिला, दांडा धरला आणि असा—"

दांडा फिरवून दाखवणारा माझा हात हवेतच राहिला. कात्रीची हनुवटी टेबलावरून उठली होती.

"थांबा. कुठे उभा राहिला?"

"फरशीवर."

"पाय टेकवून?"

"मग काय हात टेकवून?"

"आणि दगड नाही झाला?"

मी खळीच्या भांड्यावरची माशी हाकलली.

"फरशी म्हणजे काही जमीन नव्हे," मी म्हणालो. "जमीन म्हणजे माती. शिवाय आत्ता आठवलं, त्याच्या पायात चपला होत्या. माझ्याच. निळ्या पट्ट्याच्या."

"काहीतरीच काय, अहो!" आमची ही एकदम उसळली. "चपला कुठल्या आणल्यात? अनवाणीच उतरतो तो. ती दोन्ही हात पुढे करते आणि मग तो पहिलं पाऊल—"

आणि तिने घाईघाईने कप तोंडाला लावला. कप केव्हाचा रिकामा झाला होता.

कात्रीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या कोपराखालचं पुस्तक तिने एका झटक्यात ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि शेजारपाजारच्या खिडक्या उघडतील एवढ्या मोठ्याने ओरडली,

"खोटं! साफ खोटं, आजोबा! शेवटचा फर्मा तुम्ही वाचलात, आणि मग आजीलाही वाचायला दिलात!"