नागपूरकडे तोंड केलेली शाळा

“बाबा, राज्य बदललं त शाळेचं तोंडबी फिरवून राहिले का?”

माझ्या मागच्या खोलीत, चार मोठ्या माणसांसमोर नलिनीने हा प्रश्न विचारला. दाराआडून तिच्या वर्गातल्या जयश्री आणि सुधा तिला ढकलत होत्या. “हिंमत असंल त विचार! माह्या वाटची बोरं तुले,” अशी पैज लागली होती. नलिनीचे बाबा पुंडलिकराव शाळा-समितीचे प्रमुख. भिंतीवर गेरूने रेघ ओढता ओढता त्यांचा हात थांबला.

मित्रांनो, मी सौंसरची एक जुनी शाळा आहे. माझ्या विटा रामाकोन्याकडच्या भट्टीतल्या, तुळया सातपुड्याच्या सागाच्या. भिंती अशा जाड, की खिडकीत दोन पोरी मांडी घालून बसाव्यात! दक्षिणेला तोंड करून कोणी घर बांधत नाही, पण मला तसंच बांधलं. नागपूर तेव्हा राजधानी, तीही माझ्या दक्षिणेला; साहेब, निकाल, पुस्तकं, सारं तिथूनच यायचं. राजधानीकडे पाठ कशी करायची?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा झेंडा लावायला पोरं माझ्या छपरावर चढली. कौलं फुटली, तरी मला काही वाटलं नाही. मग छप्पन्न साल आलं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि राजधानी झाली भोपाळ. ते तर माझ्या पाठीमागे! समितीला मोठा संकोच वाटला. ठरलं, उत्तरेची भिंत फोडून तिथे मोठं दार करायचं. त्या भिंतीला टेकून मराठीचा वर्ग बसतो, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

“मंग आमचा वर्ग कुठं बसंल?” नलिनीने बाबांना विचारलं.

“आता हिंदीचं राज्य, मराठीचा कायचा वर्ग? तू मामाकडं नागपूरले शिकजो.”

“अन् जयश्री, सुधा? त्याइले कोणता मामा हाय तिथं?”

डबा घेऊन आलेली नलिनीची आई दारातूनच म्हणाली, “अवो, तुमीबी याच खोलीत शिकले ना? तवा कोणत्या सरकारनं तुमचं तोंड कोणीकडं हाय ते पाह्यलं होतं?”

दाराआड खसखस पिकली. पुंडलिकराव पुन्हा रेघ ओढू लागले.

मित्रांनो, इमारतीला मान नसते. तिचं तोंड बळेच फिरवलं, तर आतली एखादी खोली कायमची मुकी होते. माणसांनी एवढं तरी जपावं.

नलिनी त्या रेघेवरच पाठ टेकवून बसली.

“आई, बाबा, आयका. मी नागपूरले जात नाही. इथंच मराठी शिकीन, अन् मोठी झाली की याच खोलीत बाई होऊन शिकवीन. आता फोडा भिंत!”