वार्ताफलकावरची चुकलेली बातमी

मी वार्ताफलक बोलतोय. शहाड स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका मराठी शाळेत, जिन्याच्या पायथ्याशी, पिण्याच्या पाण्याच्या नळांसमोर माझी जागा आहे. समोर सतत रांग असते. ती पाण्यासाठी असते हे मला ठाऊक आहे. पण नंबर येईपर्यंत मुलं मला वाचतात, तेवढ्यावर मी खूश असतो.

मूळचा मी प्रयोगशाळेतल्या एका मोडक्या टेबलाची फळी. टेबलाचे पाय गेले तेव्हा शिपाई पंढरीकाकांनी मला भंगारातून वाचवलं, घासलं, काळा रंग दिला. रोज सकाळी ओल्या फडक्याने ते मला पुसतात.

गेल्या जूनमध्ये सातवीच्या सुमतीबाईंनी माझं काम क्षिप्राकडे दिलं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. कुणी हात वर केला नाही, म्हणून बाईंनी तिचं नाव घेतलं, इतकंच. पहिल्या दिवशी तिच्या ओळी डावीकडे माझ्या डोक्याशी सुरू झाल्या आणि उजवीकडे पोटाशी येऊन थांबल्या. वर मथळा होता, ‘दीनविशेष’.

बाई हसून म्हणाल्या, “अगं, आजचा दिवस चांगला आनंदाचा आहे. दि पहिली कर.”

दोन महिने ती वर्तमानपत्रातले मथळे उतरवत राहिली. शेअर बाजार, मंत्र्यांचे दौरे. मुलांची नजर माझ्यावरून घसरून नळाकडे जायची. तिची मैत्रीण उर्वी एकदा म्हणाली, “हे कोण वाचणार गं? घरी टीव्हीवर पण हेच असतं.”

क्षिप्राला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, ‘पाचवी ब च्या खिडकीत बुलबुलाने घरटं केलं आहे. खिडकी जपून उघडा.’ मधल्या सुट्टीत पाण्याची रांगच मोडली. सगळे पाचवी ब कडे धावले. ती खांबाआड उभी राहून बघत होती. त्यानंतर तिचा खडू माझ्यावर जरा जोरात टेकायला लागला.

दिवाळीनंतर मात्र घात झाला. तिने लिहिलं, ‘मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ तीन आठवडे बंद. पंढरीकाकांचं लक्ष नाही.’

पहिलं वाक्य खरं होतं. मुलं दिवसभर काकांना चिडवत होती, “काका, लक्ष कुठंय?” काका हसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडकं घेऊन माझ्यासमोर आले, ती ओळ पुन्हा वाचली, फडक्याची घडी घातली आणि मला न पुसताच निघून गेले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सुमतीबाईंनी क्षिप्राला माझ्यासमोरच उभं केलं. “काकांना विचारलेलंस?”

“नाही, बाई.”

“मग तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्याच म्हणत होत्या.”

“सगळ्या म्हणजे कोण?”

बाई रागावल्या नाहीत. “बातमी तुझी आहे. पुढे काय करायचं ते तूच ठरव,” एवढंच म्हणाल्या.

दुपारी ती वही घेऊन काकांच्या स्टुलापाशी गेली. “काका, नळाचं काय झालं?”

“तीनदा ऑफिसात लिहून दिलंय, बाळा. प्लंबर येऊन बघून गेला. आतला पाइप गंजलाय, भिंत फोडायला लागते. त्याची परवानगी अजून आली नाय.”

तिने सगळं लिहून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, “मी आधी विचारायला हवं होतं.”

“हवं होतं,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतःच पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘परवाची बातमी चुकली. पंढरीकाकांनी नळासाठी तीनदा लिहून दिलं आहे. भिंत फोडायची परवानगी आलेली नाही. न विचारता लिहिलं, ही माझी चूक. क्षिप्रा, सातवी अ.’ आजवर माझ्यावर कुणी सही केली नव्हती. काही मुलं हसली. ती मात्र अख्खी मधली सुट्टी माझ्याशेजारी उभी राहिली.

मुख्याध्यापिकांनीही ते वाचलं. आठ दिवसांत भिंत फुटली आणि नळाला पाणी आलं. सिमेंटच्या धुळीने मी पांढराफटक झालो होतो. त्या दिवशी काकांनी मला दोनदा पुसलं. एकदा धुळीसाठी, एकदा उगाच.

पुढे मुलं आपणहून बातम्या आणायला लागली. क्षिप्रा विचारायची, “तू स्वतः बघितलंस? कधी?” उर्वी वैतागायची. “आमची मांजर व्यायली तरी हिला पुरावा पाहिजे.” आणि क्षिप्राने खरोखरच उर्वीच्या घरी जाऊन पिल्लं मोजली, मगच लिहिलं.

आता क्षिप्रा आठवीत गेली. आठवीचे वर्ग मैदानापलीकडच्या इमारतीत भरतात. माझं काम सहावीतून आलेल्या सोनलकडे आहे. तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्यावर लिहायची पाळी आली तर अक्षराची काळजी करू नका. ज्याच्याबद्दल लिहिताय, त्याला आधी भेटून या.

काल क्षिप्रा इथून जाताना थांबली. सोनलची बातमी तिने पहिल्या शब्दापासून शेवटच्या ‘असं पंढरीकाकांनी सांगितलं’पर्यंत वाचली. एके ठिकाणी वेलांटी चुकली होती. तिचा हात पुढे आला, पण माझ्यापर्यंत न येताच मागे गेला.

“हिने विचारून लिहिलंय,” ती उर्वीला म्हणाली, आणि दोघी मैदान ओलांडून गेल्या.