रतनलालच्या गाडीची चाकं

मोहनबाई सहसा काही मागत नसे. त्यामुळे चातुर्मास तोंडावर आलेला असताना "रतनची गाडी नीट करून आण" असं ती म्हणाली, तेव्हा शांतीलालला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कुठली गाडी, बाई?" आईला घरात सगळे बाईच म्हणत.

"मिलच्या मागच्या गोदामात आहे ती. तो इथे येईल तेव्हा दारात उभी पाहिजे."

रतनलाल हा शांतीलालचा थोरला भाऊ. अठरा वर्षांपूर्वी त्यानं दीक्षा घेतली होती. आता सगळे त्याला महाराजसाहेब म्हणत. यंदा त्यांचा चातुर्मास जळगावला ठरला होता आणि महाराजसाहेब धुळ्याकडून पायी निघाल्याची बातमी जैन स्थानकात आली होती. दीक्षेनंतर ते एकदाही या गावात आले नव्हते.

ती गाडी म्हणजे बुटकी, लहान चाकांची जपानी मोटारसायकल. रतनलालचं मन संसारातून उडतंय असं दिसल्यावर मोहनबाईनं नवऱ्याच्या मागे लागून मुंबईहून ती मागवली होती. तरुण पोरगा आहे, फिरेल, रमेल, असं तिला वाटलं. रतनलालनं ती थोडे दिवस चालवली आणि एक दिवस भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. बारा वर्षांचा शांतीलाल एकदा गुपचूप तिच्यावर बसला, तेव्हा मोहनबाईनं त्याला खाडकन थोबाडीत मारली होती. "भाईसांची गाडी आहे ती." भाईसा दीक्षा घेऊन गेले, वडील वारले, डाळमिल शांतीलालच्या गळ्यात आली, पण त्या गाडीला हात लावायची परवानगी त्याला कधी मिळाली नाही.

त्याची बायको तारादेवी वैतागली. "महाराज गोचरीची भिक्षा घ्यायला येणार आणि अंगणात मोटारसायकल? वाहनाचा त्याग केलेला माणूस तो. जैन संघातले लोक काय म्हणतील?"

"लोकांना दाखवायची नाही मला," मोहनबाई म्हणाली. "त्यानं बघितली तर मला त्याचं तोंड बघायचंय."

शांतीलालनं गोदामातली पोती सरकवली आणि गाडी बाहेर ओढली. टायर भुगा झाले होते. टाकी, हँडल पुसल्यावर बरी दिसू लागली, पण चाकांची दशा झाली होती. एकेकाळी आरशासारख्या असलेल्या क्रोमवर तांबडा गंज चढला होता. त्यानं चाकं उतरवली, बोल्ट खोलून प्रत्येक चाकाचे दोन अर्धे भाग वेगळे केले आणि रॉकेल लावून पॉलिश पेपरनं घासायला बसला. तांबडेपणा निघाला. खाली काळे ठिपके राहिले, देवीचे व्रण असावेत तसे. नखाला लागतील एवढे खोल.

संध्याकाळी मिल बंद झाली की तो घासत बसे. घासता घासता त्याला राग येई, आणि राग आला की हात जोरात चाले. मी इथे अठरा वर्षं हिच्यासमोर आहे, असं त्याच्या मनात येई. माझ्यासाठी हिनं कधी काही घासायला सांगितलं का?

शेवटी तो चाकं घेऊन औद्योगिक वसाहतीत चुडामणकडे गेला. चुडामण सायकलचे आणि मोटारींचे भाग मुलामा चढवून द्यायचा. त्यानं एक चाक उजेडाकडे धरून फिरवलं.

"शेठ, वरली चमक बठ्ठी गई शे. गंज पार आत उतरला."

"नवीन क्रोम चढव ना."

"क्रोम पातळ असतो. खड्ड्यावर चढवला तर खड्डाच चमकेल. आधी जुना मुलामा उतरवायचा, मग घासायचं, मग तांब्याचा थर देऊन खड्डे भरायचे. पुन्हा घासायचं. त्यावर निकेल, त्यावर क्रोम. आणि फार घासलं तर पत्रा पातळ होईल. काही खड्डे राहतील, सांगून ठेवतो."

"लांबून दिसतील?"

"लांबून नाही दिसणार."

चाकं परत आली तेव्हा मोहनबाईनं ती मांडीवर घेतली. पदरानं पुसली. तिचा चेहरा त्यांच्यात वाकडातिकडा दिसत होता. कडेला बारीक खड्डे राहिले होते, त्यांवरून तिनं बोट फिरवलं. शांतीलालनं नवे टायर चढवले आणि गाडी अंगणात दाराच्या एका बाजूला उभी केली. तारादेवीनं त्या बाजूला बघायचंच सोडून दिलं.

महाराजसाहेब आले, चातुर्मास सुरू झाला. मोहनबाई रोज प्रवचनाला जाई आणि मागे बसे. घरी गोचरीला ते कधी येतील हे कुणाला सांगता येत नव्हतं. साधू सांगून येत नाहीत. रोज सकाळी ताजा स्वयंपाक तयार ठेवून ती उंबऱ्याशी थांबे.

एका सकाळी जोराचा पाऊस लागला. पावसात साधू बाहेर पडत नाहीत, म्हणून मोहनबाई निश्चिंत होती. पाऊस ओसरल्यावर तिला दिसलं, अंगणातला चिखल उडून दोन्ही चाकं माखली होती. तिनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, फडकं भिजवलं आणि गाडीपाशी बसून चाक पुसू लागली.

तेवढ्यात फाटकातून दोन पांढरी वस्त्रं आत आली.

"पधारो, पधारो," म्हणत शांतीलाल धावला. मोहनबाई लगबगीनं उठली. हातात फडकं तसंच होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

पुढचे महाराजसाहेब थांबले. गाल बसलेले, दाढीचे केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांची नजर आईच्या हाताकडे गेली, तिथून चाकाकडे. चाकाचा अर्धा भाग चमकत होता, अर्ध्यावर चिखल होता. तिथे ती नजर किंचित जास्त रेंगाळली असं शांतीलालला वाटलं. पण नंतर त्याला त्याची खात्री देता आली नसती.

ओला हात, कच्चं पाणी. साधू दारात येताना कुणाचा हात न उकळलेल्या पाण्याला लागलेला असेल, तर त्या घरून त्या दिवशी भिक्षा घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. घरातल्या सगळ्यांना तो पाठ होता.

"दया पाळा," असा साधूंचा नेहमीचा आशीर्वाद महाराजसाहेबांनी दिला आणि आले तसे ते परत फिरले.

मोहनबाईनं फडकं खाली टाकलं. ती रडली नाही. हात पुढे धरून कितीतरी वेळ वाळवत उभी राहिली.

दुपारी शांतीलाल स्थानकात गेला. महाराजसाहेब एकटेच पोथी वाचत होते. तो वंदन करून समोर बसला.

"तिनं कितीतरी दिवस वाट बघितली होती," तो म्हणाला.

"हात ओला होता."

"माहीत आहे मला. पण आई आहे ती."

महाराजसाहेबांनी पोथी मिटली. "त्या पाण्यातल्या जीवांना मी शब्द दिलाय."

"आणि तिला?"

त्यांनी पोथी बाजूला ठेवली. बाहेर पन्हळीचं पाणी पडत होतं. मग त्यांनी विचारलं, "गाडी तू चालवतोस?"

"नाही. मला कधी हातच लावू दिला नाही."

"मी ती मागितली नव्हती, शांती."

"मला हवी होती," शांतीलाल म्हणाला. आवाज चढला म्हणून तो स्वतःच दचकला. "गाडी म्हणत नाही मी नुसती. तुम्ही सगळं टाकून गेलात, आणि टाकलेलं सगळं तिनं तुमच्याच नावानं जपून ठेवलं. मला फक्त राखण मिळाली."

महाराजसाहेबांनी दोन्ही हात जोडले. "मी तुझी क्षमा मागतो."

शांतीलाल हे ऐकायला आला नव्हता. साधूनं हात जोडलेले त्याला बघवेनात. राग तसाच होता, पण तो कुणावर काढावा हे आता कळेना. वंदन करायचंही विसरून तो उठला.

पर्युषणाचं पर्व उलटून गेल्यावर महाराजसाहेब पुन्हा गोचरीला आले. ऊन होतं, अंगण कोरडं होतं, गाडी लख्ख दिसत होती. मोहनबाई उंबऱ्याशी नव्हती. त्या सकाळच्या प्रसंगानंतर ती स्वयंपाकघरात जाईना झाली होती. माझा हात लागेल, पुन्हा काही बिघडेल, असं म्हणे. आताही चाहूल लागताच ती आतल्या खोलीत जाऊन बसली होती.

तारादेवीनं फुलके पुढे केले, मग कालवण, मग ज्वारीची भाकरी. महाराजसाहेबांनी अर्धी भाकरी आणि थोडं कालवण पात्रात घेतलं. मग ते क्षणभर आतल्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. कुणाला हाक मारायची त्यांना मुभा नव्हती, की त्यांनी मारली नाही, हे शांतीलालला कळलं नाही. दार लोटलेलंच राहिलं. "दया पाळा" म्हणून ते गेले. जाताना गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

शांतीलाल आत गेला. मोहनबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेतलेले.

"गेला?"

"गेले."

"काय घेतलं?"

"अर्धी भाकरी. ज्वारीची."

"ज्वारीची?" तिनं मान वर केली. "ज्वारीनं त्याचं पोट दुखायचं. फुलके नव्हते का दाखवले?"

"दाखवले होते. त्यांनी आपणहून भाकरी घेतली. आवडीनं घेतली, बाई."

आवडीनं की कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, आणि तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.