चौथ्या खांबाची पट्टी

लोक त्यांना मापाडी म्हणत. खरं तर त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला पसाभर धान्यसुद्धा मोजून दिलं नव्हतं. ते रेल्वेच्या पुलावरचे पहारेकरी. रोज सकाळ-संध्याकाळ नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं ते खांबावरच्या पट्टीवर बघून वहीत लिहायचं आणि पाणी लाल रेघेला टेकलं की स्टेशनात फोन करून गाड्या थांबवायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. भाजीवाला अजूनही सुनेला विचारायचा, "मापाडी बरे आहेत ना?"

अशा माणसाला रेल्वे सुरक्षेच्या मोठ्या परिषदेचं बोलावणं यावं, हे घरात कुणाच्या पचनी पडेना. मुलाने पत्र दोनदा वाचलं आणि पाकिटावरचा पत्ता तिसऱ्यांदा.

पण बोलावणं खरं होतं. आदल्या वर्षी एक इंजिनिअर बाई नदीच्या पाण्याच्या जुन्या नोंदी शोधत दारात आली होती. कचेरीतल्या नोंदवह्या तळघराच्या ओलीने लगदा होऊन गेलेल्या. कुणीतरी तिला सांगितलं, की मापाडी सगळं घरच्या वहीतही उतरवून ठेवायचे. तिने विचारलं तेव्हा त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत तीस वह्या, वर्षाला एक, पाठीवर वर्ष घातलेल्या. बाई तिथेच फरशीवर मांडी घालून बसली आणि चहा निवून गेला तरी उठली नाही. वह्या नेताना मापाड्यांनी तिला बजावलं होतं, "एक पान दुमडलं तर माझ्याशी गाठ आहे."

मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून परिषदेला सून बरोबर आली. इमारत सगळी काचेची. दारात एका मुलीने दोघांच्या गळ्यात कार्डं अडकवली. मापाड्यांच्या कार्डावर नावाखाली छापलं होतं : 'जलपातळी निरीक्षक'.

"बाबा, बढती मिळाली बघा," सून म्हणाली. "तीही निवृत्त झाल्यावर."

"आधी मिळाली असती तर तुझ्या सासूने तरी मान दिला असता," ते म्हणाले.

भाषणांना अवकाश होता म्हणून दोघं प्रदर्शनात शिरले. एका टेबलावर उभा चिरलेला रूळ ठेवला होता. बाहेरून गुळगुळीत, आत नखाएवढी काळी भेग. ती भेग बाहेरूनच ऐकणारं यंत्र शेजारी उभं होतं. पुढे ड्रायव्हरची अख्खी खोली मांडलेली. तिथला कॅमेरा ड्रायव्हरच्या पापण्यांकडे बघत बसायचा आणि डोळा लागतोय असं वाटलं की घंटा वाजवायचा. त्यापलीकडे एक माणूस ब्रेकच्या एका चकतीबद्दल इतक्या मायेने बोलत होता, जसं काही लेकीचं कौतुक सांगतोय. मापाडी प्रत्येक ठिकाणी हात मागे बांधून उभे राहिले. आपण पुलावर एकटेच जागत होतो असं त्यांना इतकी वर्षं वाटायचं. गाडी पडू नये म्हणून जगात इतकी माणसं डोकं खपवतायत, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

शेवटी एक काळी भिंत होती. तिच्यावर बारीक बारीक दिवे सरकत होते.

"प्रत्येक दिवा म्हणजे एक गाडी," तिथली ऑपरेटर म्हणाली. "आत्ता, या घडीला, जिथे आहे तिथे."

"आमचा पूल दिसेल का यात?"

तिने नदीचं नाव विचारलं आणि एका जागी बोट ठेवलं. दोन स्टेशनांच्या ठिपक्यांमधली तिळाएवढी फट. मापाडी वाकून बघत राहिले. जरा वेळाने एक दिवा आला, फट ओलांडून पलीकडे गेला. ज्या पुलावर आयुष्य गेलं तो एवढासा होता.

मग भाषण झालं. सभागृहात चारेकशे माणसं, पुढे घराच्या भिंतीएवढा पडदा. इंजिनिअर बाईने काही आकडे सांगितले, काही शब्द मापाड्यांच्या डोक्यावरून गेले, आणि एकदम पडद्यावर त्यांचं अक्षर आलं. त्यांच्या वहीचं पान. निळी शाई, कोपऱ्यात कपाचा गोल डाग. सुनेने त्यांचा हात घट्ट धरला.

"या माणसाने तीस वर्षांत एकही दिवस चुकवला नाही," बाई म्हणाली. "आता बघा."

पडद्यावर डावीकडून एक निळी रेघ निघाली. वर चढली, खाली आली, पुन्हा चढली. मापाड्यांना पहिले काही क्षण काहीच उमगलं नाही. मग एक उंच टोक आलं आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो पूर! त्या वेळी ते आणि बायको चार दिवस पुलाच्या खोलीतच अडकले होते. पुढचं बुटकं टोक म्हणजे मुलगा झाला ते वर्ष. रेघ धावत होती आणि त्यांना एकेक सकाळ ओळखू येत होती. पुढे एक लांबलचक सपाट उतार आला. तेव्हा बायको गेली होती. माणसं घरी जमायची होती, आणि ते उजाडताना नदीवर जाऊन आकडा लिहून आले होते. दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं. तोही आकडा या रेघेत होता. तीस वर्षं अर्ध्या मिनिटात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि थांबली. सबंध नदी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती आज पाहिली.

बाईने त्यांना मंचावर बोलावलं. माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मापाडी पायऱ्या चढून गेले, आणि तिच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "बाई, झकास केलंत. पण दुसरी रेघ कुठाय?"

"कुठली दुसरी?"

"चौथ्या खांबाची."

माइक चालू होता. टाळ्या विरल्या.

"काका, समासात बारीक आकडे आहेत ते? मला वाटलं ती तुमची काहीतरी घरगुती खूण असेल."

"छे हो. पट्ट्या दोन खांबांना होत्या, तिसऱ्या आणि चौथ्या. एकाच दिवशी, एकाच उंचीवर बसवलेल्या. वाचायची तिसरीच, असा हुकूम. पण मी तिथे उभाच असायचो, तर दुसरी वाचायला काय जातंय? म्हणून तिचा आकडा समासात."

"मग दोन्ही आकडे सारखेच असायला हवेत."

"होतेच. एकोणीस वर्षं तंतोतंत होते. मग चौथी एक जास्त सांगायला लागली."

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने चार शब्दांत आभार मानून भाषण आटोपलं आणि ती मापाड्यांना आणि सुनेला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे एक टेबल, चार खुर्च्या आणि पेटीतल्या सगळ्या वह्या होत्या. परत द्यायला आणलेल्या. एकही पान दुमडलेलं नव्हतं.

"दर वर्षीचा एकच दिवस घेऊ," ती म्हणाली. "पाणी सगळ्यात कमी आणि संथ असेल तो. ताई, तुम्हाला यांचं अक्षर लागतं ना? तुम्ही वाचा, मी भरते."

सून वाचू लागली. "तिसरा एक्केचाळीस, चौथा एक्केचाळीस. तिसरा अडतीस, चौथा अडतीस." तेवढ्यात पुलांचे मुख्य अधिकारी मापाड्यांचं अभिनंदन करायला म्हणून आत आले, आणि हात पुढे केलेला तसाच ठेवून उभे राहिले. सुनेचा आवाज विसाव्या वहीला अडखळला. "तिसरा चाळीस. चौथा एक्केचाळीस."

लॅपटॉपवर दोन आकड्यांतल्या फरकाचे तीस ठिपके उमटले. एकोणीस एका ओळीत, जमिनीवर ठेवल्यासारखे. आणि पुढचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे वर.

"पाणी तेच आहे," बाई हळू म्हणाली. "पट्टीवर ते वर दिसतंय, कारण पट्टी खाली जातेय. म्हणजे खांब खाली जातोय."

मुख्य अधिकारी खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्या जागी आमची माणसं दर वर्षी रूळ उचलून खाली खडी भरतात. दर वर्षी तीच जागा. आम्ही समजत होतो, खडी दबते."

"काका, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" बाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"सांगितलं की. दोनदा. तेव्हाचे साहेब म्हणाले, पट्टीचा रंग उडालाय, आणि तुम्ही आधी डोळे तपासून घ्या. मी घेतले तपासून. चष्मा लागला." मापाड्यांनी चष्मा काढून हातात धरला. "चष्म्यातूनही तेवढंच दिसलं. मग म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. लिहीत राहिलो. ओरडायला पाहिजे होतं मी."

"तुम्ही लिहिलंत म्हणून आज दिसतंय," बाई म्हणाली. पण मापाड्यांची मान वर झाली नाही.

"तुम्ही निवृत्त झाल्यावर चौथी पट्टी कुणी वाचली?"

"तिसरीसुद्धा कुणी वाचली नाही. माणूसच नेमला नाही नंतर."

बाईने शेवटच्या ठिपक्यापासून पुढे अकरा वर्षांची तुटक रेघ ओढली. ती पडद्याच्या वरच्या कडेबाहेर निघून गेली.

अधिकाऱ्यांनी फोन काढला. आवाज चढवला नाही, पुलाचा क्रमांक सांगितला, दोन वाक्यं बोलले आणि ताडकन उठले. "पुढची गाडी बारा मिनिटांत पुलावर येतेय. भरलेली."

चौघंही प्रदर्शनातल्या काळ्या भिंतीकडे धावले. मापाड्यांना सुनेने दंडाला धरून नेलं. फट तशीच होती. तिच्या डावीकडून एक दिवा येत होता, आपला नेहमीच्या चालीने. मापाडी मनात म्हणत होते, थांब गं बाई, थांब. दिवा फटीला जवळजवळ लागला. आणि थांबला.

इथे गालिच्यावर उभ्या असलेल्या माणसाने दोन वाक्यं बोलावीत आणि तिकडे कित्येक कोसांवर लोखंडाचा एवढा डोंगर उभा राहावा! मापाड्यांनी आयुष्यात कितीतरी गाड्या थांबवल्या होत्या, पण थांबलेली गाडी अशी वरून, देवाच्या जागेवरून त्यांनी कधी पाहिली नव्हती. जरा वेळाने दिवा मागे सरकू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुलाखाली होडीत होते. पाणी संथ, हिरवट. पाणबुड्या चौथ्या खांबाशी उतरला. बुडबुडे खांबाच्या, प्रवाह येतो त्या अंगाला गेले आणि तिथेच घोटाळत राहिले. तो वर आला आणि त्याने तोंडातली नळी काढली.

"काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पायाखाली पोकळी आहे, साहेब. आधी हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. मग दिवा घेऊन मीच आत गेलो." त्याने खांबाकडे वर बघितलं, वर, जिथे रूळ होते तिथपर्यंत. "खांब अर्ध्याच पायावर उभा आहे. कसा उभा आहे ते त्यालाच ठाऊक."

मापाडी पुढे झाले आणि त्यांनी खांबाच्या दगडावर तळवा टेकला. दगड गार होता. बावीस वर्षं तो खाली खाली जात होता आणि तरी प्रत्येक गाडी त्याने पलीकडे पोचवली होती. त्यांचे डोळे भरून आले. ते पाणबुड्याला म्हणाले, "पोरा, तू त्याच्याखाली गेलास? भीती नाही वाटली?"

"आता वाटतेय," पाणबुड्या म्हणाला.

पूल सात आठवडे बंद राहिला. बोटींतून दगड आले, काँक्रीट खाली ओतलं गेलं, खांबाच्या कडेने लोखंडी नळ्या खडकापर्यंत ठोकल्या गेल्या. वर्तमानपत्रांत चार ओळी छापून आल्या आणि प्रवाशांच्या तक्रारींची दोन पानं. परिषदेने एक ठराव केला, की जुन्या पुलांवर पाण्याची नोंद पुन्हा सुरू करावी, प्रत्येक पट्टीची वेगवेगळी. मापाड्यांना कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आणि आकडा जास्त आला तर आधी खांब तपासा म्हणावं, माणसाचे डोळे नंतर."

पहिली गाडी सोडायची ठरली त्या दुपारी बाईने त्यांना आणि सुनेला पुलाच्या तोंडाशी उभं केलं. गाडी माणसाच्या चालीने येणार होती. खांबांवर यंत्रं लावून बाई आकडे बघत बसली होती.

इंजिन आलं. ड्रायव्हरने टोपीला हात लावला. मग डबे, एकामागून एक. मापाड्यांच्या लक्षात आलं, की आजवर गाडी म्हणजे त्यांच्यासाठी धडधडाट आणि वारा होता. आत माणसं असतात हे ठाऊक होतं, पण दिसली कधीच नव्हती. आज दिसत होती. एक जण तोंड उघडं टाकून झोपलेला. एक म्हातारी काचेला नाक लावून. दोघी जणी एकाच फोनवर काहीतरी बघून हसून हसून वाकलेल्या. एक बाई कडेवरच्या तान्ह्याला थोपटत डब्यात फेऱ्या मारतेय. खिडकीमागून खिडकी, चेहऱ्यामागून चेहरा, संपतच नव्हते.

"केवढी माणसं गं," ते सुनेला म्हणाले. "केवढी माणसं."

ती पदराने डोळे टिपत होती.

तेवढ्यात एका खिडकीतून एका गृहस्थाने डोकं बाहेर काढलं. कपाळावर आठ्या, बोट घड्याळावर.

"ओ काका, किती रखडवताय! चालत गेलो असतो तरी पोचलो असतो!"

मापाड्यांची छाती इतकी भरून आली होती, की हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं.

"पोचाल हो, पोचाल," त्यांनी ओरडून सांगितलं. "तोवर नदी बघा!"

गृहस्थाने खाली बघितलं. आणि पुलाच्या पलीकडे जाईपर्यंत तो बघतच राहिला.